खड्ड्याच्या तळाशी गोटी

रस्ता येण्याआधी जो माणूस येतो, त्याला कोणी विचारत नाही. रस्त्याचं उद्घाटन होतं, फीत कापतात, फोटो निघतात. त्या फोटोत कंत्राटदार असतो, कंत्राटदाराचा मेहुणासुद्धा असतो, पण सगळ्यांच्या आधी त्या जमिनीवर गुडघे टेकून बसलेला माणूस नसतो. आपला माणूस हा असा. नवा महामार्ग जिथून जाणार तिथे जमिनीच्या पोटात जुनंपुराणं काही आहे का, हे खणून बघायचं आणि वर कळवायचं, ही त्याची नोकरी. सगळी हयात त्यात गेली. आता निवृत्ती दारात येऊन उभी होती आणि गुडघे केव्हाच निवृत्त झाले होते.

कामावर त्याला सगळे गोटीसाहेब म्हणत. त्याचं कारण असं. जागोजाग चाचणीचे चौकोनी खड्डे घ्यायचे, बघायचे आणि परत बुजवायचे, अशी या कामाची पद्धत. पण बुजवण्याआधी तळाशी आजच्या काळातलं काहीतरी ठेवायचं. कशासाठी? तर पुढे कधी कोणी तिथेच खणायला बसला, तर त्याला कळावं की बाबा रे, इथे आधीच एकजण येऊन गेलाय, उगाच घाम गाळू नकोस. कोणी बाटलीचं झाकण टाकतं, कोणी सुट्टं नाणं. याने नोकरीच्या पहिल्या दिवसापासून काचेची गोटी टाकली. काच गंजत नाही, कुजत नाही, आणि गोटी बघून कोणी ‘पुरातन, पुरातन’ म्हणून नाचतही नाही. गोटी टाकणारा अख्ख्या खात्यात हा एकटाच. घरी स्वयंपाकघराच्या फळीवर मिठाच्या शेजारी गोट्यांची बरणी असायची. आई त्याच्या पँटी धुवायला घ्यायची तेव्हा खिसे चाचपून गोट्या काढायची आणि न बोलता बरणीत टाकायची. गोट्या खेळायच्या वयात या मुलाला गोट्या मिळाल्या नव्हत्या, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आता कोणी म्हणेल, काय सुंदर काम! माणूस इतिहास वाचवतो! तर तसं काही नव्हतं. सापडलं तरी रस्ता व्हायचा, नाही सापडलं तरी रस्ता व्हायचा. सापडलं तर फोटो, मापं, नकाशा, चार खापरं पिशवीत, आणि मग ‘नोंद झाली आहे’ असा कागद. तो कागद हातात पडला की मशीनवाले मोकळे. म्हणजे याने एखादी चूल शोधून काढली, की ती मोडायची परवानगीच त्याने काढून दिल्यासारखं होई. न सापडलेल्या चुली जास्त सुखी, असं तो एकदा जेवताना म्हणाला होता. त्यावर बायको म्हणाली, “मग शोधू नका.” तिचं बरोबर होतं, पण मग पगार कोण देणार?

पोरं लहान असताना कुठे सहलीला निघाले, की हा गाडीच्या काचेला बोट लावून सांगायचा, “इथे खाली भट्टी आहे. इथे दोन खोल्यांचं घर होतं, उंबऱ्याचा दगड असा झिजलेला.” पोरं बाहेर बघायची. बाहेर डांबर. बायको म्हणायची, “लोकांचे नवरे देवळं-किल्ले बघायला नेतात, आमचे गाडलेलं दाखवायला नेतात, आणि तेही न दिसणारं.” सगळे हसायचे. तोही हसायचा. पण पोरं मोठी झाली, घर सोडून गेली, आणि काचेला बोट लावायची त्याची सवय आपोआप सुटली. डोंगर पोखरून उंदीर काढणाऱ्याला निदान उंदीर तरी घरी नेता येतो. याचा उंदीरही डांबराखाली.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना तो सहज म्हणाला, “उद्यापासून जुन्या पुलाच्या पुढचा उतार. शेवटचाच टप्पा. चारपदरी होतोय.”

आईचा घास हातातच राहिला. आई आता फार थकली होती. ऐकायला कमी येई, जिना उतरायचा म्हणजे मोहीम काढल्यासारखं व्हायचं, पण ‘पुलाच्या पुढचा उतार’ हे शब्द तिला एका झटक्यात ऐकू आले.

“कुठल्या बाजूने वाढवतायत?” तिने विचारलं.

“डोंगराच्या बाजूने. का गं?”

“मोठा खडक आहे तिथे. हत्तीच्या पाठीसारखा.”

“आहे ना. जाईल तो आता.”

आईने घास ताटात परत ठेवला. “त्या खडकाच्या सावलीत तुझी बहीण आहे,” ती म्हणाली.

त्याला बहीण होती एवढंच त्याला माहीत होतं. तान्ही असताना गेली, बस. घरात त्यावर बोलायचं नाही, हा कोणी न घातलेला नियम होता आणि घातलेल्या नियमांपेक्षा तो जास्त काटेकोर पाळला गेला. आता ताटं तशीच राहिली आणि आईने सगळं सांगितलं.

तो पहिला रस्ता झाला तेव्हा आईबाप दोघंही त्या कामावर मजूर होते. बाप डांबराच्या पिंपाखाली जाळ घालायचा, आई खडीची घमेली वाहायची. रस्ता जसा पुढे सरके, तसं मजुरांचं बिऱ्हाड पुढे सरके. आज इथे तंबू, दहा दिवसांनी पुढच्या वळणावर. त्या उतारावर मुक्काम असताना तान्हीला ताप भरला. रस्ता अर्धाच झालेला, डॉक्टर रस्त्याच्या झालेल्या टोकाला आणि ही माणसं न झालेल्या टोकाला. तिचं नावसुद्धा ठेवायचं राहिलं होतं. बापाने खडकाच्या सावलीत खणलं, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तिला ठेवलं आणि वर दगड रचले. दोन दिवसांनी बिऱ्हाड पुढे गेलं. मुकादम म्हणाला होता, रडायचं असेल तर पुढच्या मुक्कामावर रड, गाडी निघतेय.

“परत कधी गेली नाहीस?” त्याने विचारलं.

“बसने जायची ना. मामाकडे जाताना.”

तेव्हा त्याला आठवलं. बसमध्ये आईला नेहमी डोंगराच्या बाजूची खिडकी लागायची. त्यावरून ती एकदा एका बाईशी भांडलीसुद्धा होती. घरच्यांना वाटे, तिला वारा लागतो.

“तिच्या अंगावरून गाड्या जातील रे,” आई म्हणाली. “काढून दे मला तिला.”

त्याने आईला समजावलं. तिथली माती आंबट आहे, लाल. अशा मातीत मोठ्या माणसाची हाडं टिकत नाहीत, तान्ह्या लेकराची काय टिकणार? कापडही गेलं असेल. शिवाय खात्याचा नियम असा की शंभर वर्षांच्या आतलं काहीही आमचं नव्हे. ती बोलू देत होती. त्याचं झाल्यावर म्हणाली, “लोकांची हजार वर्षांची फुटकी मडकी काढतोस. तुला तुझी बहीण काढता येत नाही?”

“सकाळी चल माझ्याबरोबर,” तो म्हणाला.

एक गोष्ट मात्र त्याने आईला सांगितली नाही. त्या उताराची पाहणी त्याने आधी एकदा केली होती. नवा नवा नोकरीला लागला होता तेव्हा रस्ता रुंद करायची टूम पहिल्यांदा निघाली होती. हा आणि याच्याच वयाचा एक सोबती, दोघं अंगात मस्ती असलेले. एका ओळीत खड्डे घ्यायचे होते. चहाची पैज लावून दोघं खणायचे, ज्याचा खड्डा आधी तळाला जाईल तो जिंकला. थापीने माती हलकेच खरवडायची असते, हे शिकवलं होतं त्यांना, पण शिकवलेलं सगळं कोण करतं? कुदळी चालायच्या आणि वहीत नोंदी पडायच्या: ‘काही नाही’, ‘काही नाही’, ‘मुळाचा खड्डा’, ‘काही नाही’. मग ती टूम बारगळली, फाइल झोपली, आणि तो उतार पुढची कित्येक वर्षं तसाच राहिला. त्या ओळीतला एखादा खड्डा खडकाच्या सावलीत होता का? रात्रभर तो आठवत राहिला. सावलीत बसून डबा खाल्ल्याचं आठवत होतं. हरलेल्या सोबत्याचा चेहरा आठवत होता. खड्डे आठवत नव्हते.

रस्त्याचा इंजिनीअर तरुण होता, वाईट नव्हता. गोटीसाहेबाने त्याला खरं ते सांगितलं.

“पण हे तुमच्याच नियमात बसत नाही ना?” इंजिनीअर म्हणाला.

“नाही बसत.”

“मग मी कशाच्या जोरावर मशीन थांबवू?”

“कशाच्याच नाही. माझी आई गाडीत बसलीये, ती बघा.”

इंजिनीअरने गाडीकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे. “दुपारपर्यंत,” तो म्हणाला. “पुढे थांबवलं तर माझ्यावर येईल.”

खडकाच्या सावलीत प्लॅस्टिकची खुर्ची मांडून आईला बसवलं. ती इतकी हलकी झाली होती की खुर्ची वाऱ्याने हलत होती आणि आई बसूनही हलतच राहिली. खडकावर आधीच पांढऱ्या रंगाने फुली मारली होती, फोडायचा म्हणून. पलीकडे पोकलेन उभं होतं आणि पोकलेनवाला त्याच्या पट्ट्यावर पाय पसरून मोबाइल बघत होता. गोटीसाहेबाबरोबर फक्त चाळणवाली होती. माती चाळून चाळून दोघं बरोबरच म्हातारे झाले होते. तिच्या मनगटांना चाळणीचा तो हेलकावा इतका भिनला होता की चहाचा कपही ती दोनदा हलवून प्यायची.

“कुठे?” त्याने आईला विचारलं.

आईने हात उचलून दाखवलं. जराही चाचपडली नाही. “इथे. माझी सावली आणि खडकाची सावली मिळते ना, तिथे. दगड होते वर. कोणी नेले?”

दगड नव्हते. त्याने गवत काढलं, वरचा थर थापीने खरवडला. आयुष्यात कधी काढला नसेल इतका पातळ थर तो काढत होता. चाळणवाली चाळत होती आणि दर खेपेला मान हलवून ‘नाही’ म्हणत होती. लाल माती, लाल माती. आई मध्येच विचारे, “दिसली का?” जणू ती खोलीत झोपलेली आहे आणि हा दार उघडून बघतोय.

मग मातीचा रंग बदलला. लाल मातीत जरा भुरकट, मऊ, कालवलेली माती. कोणीतरी एकदा काढून परत भरलेली. इथे खड्डा होता! त्याने कड शोधायला घेतली. लेकराला ठेवायला खणलेला खड्डा कसा असेल? लांबट, गोलसर, जेमतेम हातभर. थापीचं टोक कडेवरून सरकत गेलं आणि सरकतच राहिलं. कड सरळ होती. पुढे ती वळली, आणि काटकोनात वळली.

गोलाई नव्हती. चौकोन होता, ओळंबा लावल्यासारख्या उभ्या भिंतींचा. दुःखात बुडालेला बाप असा खड्डा खणत नाही. असा खड्डा पगार घेऊन खणतात.

त्याचे हात थांबले. त्याने मनातल्या मनात विनवणी केली, कोणाची ते त्यालाही सांगता आलं नसतं. सोबत्याचा असू दे. बाटलीचं झाकण निघू दे. तो सोबती झाकणंच टाकायचा. एक गंजकं झाकण निघू दे, मी उरलेला जन्म काही मागणार नाही. तो खाली गेला, हळूहळू, तळापर्यंत. तळाशी, बरोबर मधोमध, निळी गोटी होती. पुसल्यावर उन्हात अशी चमकली की पोकलेनवाल्यानेही मोबाइलमधून मान वर केली.

त्याने खड्ड्याच्या भिंतीकडे बघितलं. एका बाजूला, कोपऱ्याशी, चौकोनाने कापून उरलेली एक काळपट कमान होती, चंद्रकोरीसारखी. तीच गोलाई. तो शोधत होता ती. चौकोनाच्या आत जे होतं ते कुदळीने केव्हाच उचललं होतं, चाळणीत टाकलं होतं, काही नाही म्हणून बाजूला ढीग केला होता आणि उलटंपालटं परत लोटलं होतं. वरचे दगडही त्यानेच दूर भिरकावले असणार. आणि वहीत काय लिहिलं असेल तेही त्याला माहीत होतं, कारण काळपट गोल डाग दिसला की तो तेव्हा एकच लिहायचा, ‘मुळाचा खड्डा’.

चाळणवालीने गोटी बघितली, त्याच्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं. ती चाळण खाली ठेवून दुसरीकडे तोंड करून उभी राहिली.

“काय मिळालं रे?” आईने विचारलं.

त्याने हात पुढे केला. आईने गोटी घेतली, डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ बघितली. खुर्ची हलायची थांबली. मग ती मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “अगं बाई! हिचीच आहे. तू टाकली होतीस हिच्याजवळ. एवढासा होतास. कुठून आणली होतीस कोण जाणे. तुझी एकुलती एक गोटी, ती तिला दिलीस आणि मग रात्रभर रडलास.”

असं काही झालं नव्हतं. त्याच्याकडे गोटी नव्हतीच कधी. म्हातारीला काळाचा घोळ झालाय, असं त्याला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या घोळाचा त्याला आधार वाटला. बुडणाऱ्याला काडी मिळावी तसा तो त्या खोट्याला धरून राहिला.

“हो,” तो म्हणाला. “असेल.”

“मग झालं तर. मिळाली ती.” आईने गोटी हातरुमालात बांधली. एव्हाना जवळ येऊन उभ्या राहिलेल्या इंजिनीअरकडे वळून म्हणाली, “करा हो तुमचं सुरू.”

इंजिनीअरने डोळे पुसले. बिचाऱ्याला वाटलं, गोड शेवट बघितला आपण.

गोटीसाहेबाने ती काळपट कमान थापीने खरवडून नमुन्याच्या पिशवीत घेतली. मूठभरही भरली नाही. सवयीने त्याने पेन काढलं, पिशवीवरच्या चिठ्ठीत नाव लिहायला. नाव नव्हतंच. चिठ्ठी कोरी ठेवून त्याने पिशवी खिशात टाकली. त्या मातीत काय होतं? आजूबाजूच्या मातीत जे असतं तेच, थोडं काळं. मग अहवालावर सही केली. ‘या पट्ट्यात काही आढळले नाही.’ मशीन सुरू झालं. खडक फुटताना आईने कान झाकले नाहीत, तिला कमीच ऐकू येत होतं.

घरी आल्यावर बायकोने चहा टाकला, दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि बाल्कनीतले कपडे काढायला गेली. तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला होता. आई भिंत धरत आत आली. तिने रुमालाची गाठ सोडली, फळीवरची बरणी पुढे ओढली, झाकण काढलं आणि निळी गोटी बरणीत टाकली. काचेवर काच वाजली. इतक्या वर्षांत तो आवाज त्याने हजारदा ऐकला होता.

“आई,” तो म्हणाला.

“तुझीच ना?” आई म्हणाली. “मी नाही ओळखणार? जन्म गेला माझा तुझे खिसे उपसण्यात.”

त्याने मान खाली घातली. तिला काहीच घोळ झाला नव्हता. उन्हात, परक्या माणसांपुढे, लेकाची लाज झाकायला तिने तेवढी वेळ मारून नेली होती.

आई बरणीचं झाकण घट्ट करत राहिली. आधीच घट्ट बसलं होतं. “तेव्हा काय दिसलं होतं तुला?” तिने विचारलं. “काहीतरी दिसलं असेलच ना.”

“काळी माती दिसली असेल.”

“एवढंच?”

“एवढंच असेल. झाडाचं मूळ कुजलंय असं समजून सोडून दिलं असेल.”

“असेल, असेल काय म्हणतोस? तू होतास ना तिथे?”

“होतो. पण मला आठवत नाही, आई,” तो म्हणाला आणि त्याला रडू आलं. “खूप खड्डे होते. मला तो आठवतच नाही.”

आई त्याच्याजवळ आली. स्टुलावर बसलेला तो आणि उभी असलेली ती आता एका उंचीचे होते. तिने त्याचा हात उलटा करून बघितला. घट्टे पडलेला, नखांत लाल माती अडकलेला. अंगठ्याने ती एकेका नखातली माती काढू लागली, लहानपणी काढायची तशी.

“हलक्या हाताने खणलं होतंस ना?” तिने विचारलं. “लागलं नसेल ना तिला?”

“नाही, आई. अगदी हलक्या हाताने,” तो म्हणाला. “ते आठवतंय मला.”